द्राक्षासवाची अंगतपंगत

अंगतपंगत हा शब्द आपल्याकडे कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. जो तो आपापल्या घरून डबा आणतो, सर्व डबे मध्यें ठेविले जातात, आणि एकाच्या घरची भाकरी दुसऱ्याच्या घरच्या चटणीशीं खाल्ली जाते. तेथें कोणी यजमान नसतो व कोणी आश्रितहि नसतो. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतांत अशीच एक अंगतपंगत दर वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत भरते. फरक इतकाच कीं, तेथें प्रत्येक जण बरोबर जें आणतो तें अन्न नसून द्राक्षासव, म्हणजे ज्यास आज सर्वत्र वाइन म्हणतात तें पेय, असतें. अशा पंगतींत एका बैठकीस दहा-वीस प्रकारच्या वाइन चाखण्याचा प्रसंग येतो. तेव्हां दोन प्रश्न सहजच उत्पन्न होतात. पंधराव्या पेल्याविषयीं जीभ जो निवाडा देते, तो पहिल्या पेल्याइतकाच विश्वसनीय मानावा काय? आणि मित्रानें हौसेनें आणलेल्या बाटलीविषयीं बोलतांना सत्य व सौजन्य यांचा मेळ कसा घालावा?

प्रथम ह्या पंगतीची हकीकत पाहूं. म्यूर्सो हें बोन शहराच्या दक्षिणेस वसलेलें एक लहानसें गांव आहे. शार्दोने जातीच्या द्राक्षांपासून होणाऱ्या तेथील पांढऱ्या वाइनची कीर्ति जगभर आहे. द्राक्षांची तोडणी संपली म्हणजे मळ्याच्या मालकानें आपल्या मजुरांसह एकत्र बसून जेवावें, अशी त्या प्रांतांत जुनी चाल होती. त्या जेवणास ‘पोले’ म्हणत. ही चाल पुढें मागें पडली. १९२३ सालीं झ्यूल लाफों नांवाच्या म्यूर्सोच्या मळेवाल्यानें तिचें पुनरुज्जीवन केलें व आपल्या ३५ मित्रांस भोजनास बोलाविलें. पाहतां पाहतां हें भोजन साऱ्या गांवाचें झालें. १९३२ पासून त्या प्रसंगीं साहित्याचें एक पारितोषिक देण्यांत येऊं लागलें. तें रोख रकमेचें नसून म्यूर्सोच्या १०० बाटल्यांचें असतें.

आतां ही पंगत तीन दिवसांच्या उत्सवाचा शेवट म्हणून भरते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारीं बोन येथील ओस्पीस ह्या धर्मार्थ संस्थेच्या वाइनचा लिलांव होतो. ही संस्था निकोला रोलें व त्याची पत्नी गिगोन यांनीं १४४३ सालीं रोग्यांच्या शुश्रूषेसाठीं स्थापिली, आणि लिलांवाची प्रथा १८५९ पासूनची आहे. दुसऱ्या दिवशीं, सोमवारीं, म्यूर्सोच्या जुन्या गढींत शेंकडों पाहुणे दुपारच्या जेवणास बसतात व सायंकाळ झाली तरी उठत नाहींत. मळेवाले आपापल्या तळघरांतील निवडक बाटल्या आणतात, शेजाऱ्याचा पेला भरतात, आणि त्याच्या बाटलीतून आपला पेला भरून घेतात. मधून मधून सर्व जण हात उंचावून, पंजे फिरवीत, एक ठरलेलें गाणें गातात. पहिला-दुसरा क्रमांक तेथें कोणी लावीत नाहीं.

ही चाल आतां अनेक देशांतील मित्रमंडळांनीं उचलली आहे. आठ-दहा स्नेही एकत्र जमतात व प्रत्येक जण एक बाटली आणतो. मात्र म्यूर्सोच्या मळेवाल्यांचा जन्म ह्या व्यवसायांत गेलेला असतो. नवशिक्यांच्या पंगतींत जिभेची फसगत होण्यास वेळ लागत नाहीं. ती कशी होते, हें समजण्यासाठीं वाइनच्या पेल्याकडे जाण्याचेंहि कारण नाहीं. आवळा खाऊन पाणी प्यालें असतां तेंच पाणी गोड लागतें. पेढा खाऊन चहा घेतला तर तोच चहा अगोड वाटतो. पाणी बदलत नाहीं व चहाहि बदलत नाहीं. बदलते ती जीभ. म्हणजे कोणत्याहि पदार्थाची चव त्याच्या अगोदर काय खाल्लें यावर पुष्कळ अवलंबून असते.

वाइनच्या बाबतींत हा परिणाम विशेष तीव्र होतो. तिच्यांतील आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा असतो. हेंच आम्ल आपल्या चिंचेंत असतें. तांबड्या वाइनमध्यें आणखी एक गुण असतो, तो तुरटपणा. काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबविला जातो, त्यामुळें सालींतील व बियांतील टॅनिन नांवाचीं द्रव्यें त्यांत उतरतात. पांढऱ्या वाइनसाठीं रस बहुधा आधींच सालींपासून वेगळा करितात; म्हणून ती तुरट लागत नाहीं. टॅनिन तोंडांतील लाळेच्या प्रथिनांशीं संयोग पावतें, लाळेचा ओशटपणा नाहींसा होतो, आणि जांभूळ किंवा कच्ची सुपारी खाल्ल्याप्रमाणें तोंड कोरडें पडतें. एका घोटानंतर लगेच दुसरा घोट घेतला तर हा तुरटपणा सांचत जातो. अशा तोंडानें एकादी नाजूक वाइन चाखली तर ती पाण्यासारखी लागावी यांत नवल नाहीं. पण तो दोष त्या वाइनचा नव्हे.

जिभेपेक्षांहि नाकाचा भाग मोठा आहे. पडसें झालें म्हणजे पक्वान्नाची चव लागत नाहीं, हा सर्वांचा अनुभव आहे. पण नाकहि लवकर थकतें. अत्तराच्या दुकानांत शिरतांना जो घमघमाट जाणवतो, तो थोड्या वेळानें जाणवेनासा होतो. तसेंच पेल्यामागून पेला हुंगणाऱ्याचें होतें.

ह्याखेरीज एक तिसरा फसविणारा आहे, आणि तो तोंडांत नसून मनांत असतो. फ्रान्समधील बोर्डो येथील संशोधकांनीं २००१ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. पांढऱ्या वाइनमध्यें वास नसलेला तांबडा रंग मिसळून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढें ठेविली, तेव्हां त्यांनीं तिच्या गंधाचें वर्णन तांबड्या वाइनला लावावयाच्या शब्दांनींच केलें. २००८ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं दाखविलें कीं, एकच वाइन एकदां १० डॉलरची म्हणून व एकदां ९० डॉलरची म्हणून दिली, तर ९० डॉलरची म्हणून दिलेली अधिक रुचकर वाटते. इतकेंच नव्हे, तर मेंदूच्या सुखसंवेदनेशीं संबद्ध असलेल्या भागाची हालचालहि वाढते. म्हणजे किंमत ऐकून ‘वाहवा’ म्हणणारा मनुष्य खोटें बोलतो असें नाहीं. त्यास खरोखरच तसें लागतें.

ह्या शेवटच्या फसगतीमुळें पंगतींत एक सूक्ष्म अन्याय घडतो. दहा मित्रांत सर्वांची सांपत्तिक स्थिति सारखी नसते. एकानें वीस वर्षें जपून ठेविलेली नामांकित बाटली आणलेली असते, तर दुसऱ्यानें आपल्या प्राप्तीस झेपेल अशी साधी. बाटलीवरची चिठ्ठी उघडी ठेविली कीं पहिलीची स्तुति चाखण्यापूर्वींच सुरू होते, आणि दुसरीकडे कोणी लक्ष देत नाहीं. यावर उपाय सोपा आहे: सर्व बाटल्या कागदांत गुंडाळाव्या, त्यांवर केवळ आंकडे घालावे, आणि नांवें शेवटीं उघड करावीं. २४ मे १९७६ रोजीं पॅरिस येथें स्टीव्हन स्पर्रियर ह्या इंग्रज व्यापाऱ्यानें अशीच झांकलेल्या बाटल्यांची परीक्षा ठेविली होती. परीक्षक फ्रेंच होते व ते नामांकित होते. नांवें उघड झालीं तेव्हां पांढऱ्या वाइनमध्यें शातो माँतेलेना व तांबड्यांत स्टॅग्ज लीप ह्या कॅलिफोर्नियाच्या १९७३ सालच्या वाइन पहिल्या आलेल्या आढळल्या. नांवें उघडीं असतीं तर त्यांस हा मान मिळाला असता काय, याचें उत्तर ज्यानें त्यानें द्यावें.

परंतु झांकलेल्या परीक्षेचेंहि स्तोम माजवूं नये. कॅलिफोर्निया राज्याच्या जत्रेंतील परीक्षकांना रॉबर्ट हॉजसन यांनीं एकाच बाटलींतील वाइन नकळत तीन वेळां चाखावयास दिली. २००८ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांप्रमाणें तिन्ही वेळां तिला एकाच प्रतीचें पदक देणारे परीक्षक सुमारें दहांत एकच निघाले. सरावलेल्या परीक्षकांची ही कथा, तर हौशी मित्रांनीं आपल्या निवाड्याचा किती अभिमान धरावा?

म्हणून अनुभवी मंडळी कांहीं नियम पाळतात. हलक्या वाइन आधीं व भारदस्त वाइन मागून. गोडी नसलेल्या आधीं व गोड सर्वांत शेवटीं. पांढऱ्या आधीं व तांबड्या मागून हा सर्वसाधारण प्रघात. परंतु बर्गंडीचे मळेवाले आपल्या तळघरांत पुष्कळदां उलट करितात, कारण तेथील पांढऱ्या वाइनच्या आंबटपणानें तोंड पुनः ताजें होतें. दोन पेल्यांमध्यें पाणी व साधा पाव घ्यावा आणि घटकाभर थांबावें. जेवणांतील मांस किंवा चीज यांचाहि उपयोग होतो. त्यांतील प्रथिनें व स्निग्धांश तुरटपणा शमवितात. जुन्या बाटलींत गाळ असतो, म्हणून ती आदल्या दिवशींच उभी ठेवून सावकाश ओतावी. आणि प्रत्येकानें आपलें मत आधीं कागदावर लिहावें, मग बोलावें. नाहींतर जो प्रथम मोठ्यानें बोलतो त्याचेंच मत सर्वांचें होतें.

कधीं कधीं एकादी बाटली उघडतांच ओल्या वर्तमानपत्रासारखा कुबट वास येतो. हा दोष बहुधा बुचांतील एका क्लोरीनयुक्त द्रव्याचा असतो. त्याचा अत्यल्प अंशहि नाकास जाणवतो. तेव्हां स्पष्टपणें ‘बूच बिघडलें’ असें म्हणावें. त्यांत आणणाऱ्याचा अपराध नाहीं, आणि खोट्या स्तुतीनें त्याचा मानहि राहत नाहीं. सत्य व सौजन्य यांचा मेळ येथेंच बसतो: दोष बाटलीचा सांगावा, मित्राचा नव्हे.

शेवटचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा. समजा, बारा मित्र बारा बाटल्या घेऊन जमले व प्रत्येकानें प्रत्येक बाटलींतील केवळ ५० मिलिलिटर घेतली. घोट लहान वाटतो. पण बारा वेळां मिळून ६०० मिलिलिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीचे चार-पंचमांश, पोटांत जातात. मद्यार्काचें प्रमाण शेंकडा १२॥ धरिलें तर शुद्ध मद्यार्क सुमारें ६० ग्रॅम होतो. यकृत तासाला सुमारें ७ ते १० ग्रॅम एवढाच निकालांत काढूं शकतें. म्हणजे सुमारें सहा ते साडेआठ तास लागतात. थंड पाण्यानें किंवा कडक कॉफीनें ही गति वाढत नाहीं. म्हणूनच व्यावसायिक परीक्षक शेजारीं पीकदाणी ठेवितात व चाखलेला घोट थुंकून टाकितात. असें करण्यांत असभ्यता नाहीं. मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें आहे. आणि पंगतीहून परततांना मोटार हांकणाऱ्यानें तर एकहि घोट गिळूं नये.

ज्यांस मद्य वर्ज्य आहे त्यांनाहि ह्या विवेचनाचा उपयोग नाहीं असें नव्हे. वैशाखांत हापूस, पायरी व केसर यांच्या फोडी डोळे झांकून चाखून पाहिल्या, तर नांवाचा मोह किती व रसाचा गुण किती, हें घरच्या मुलांनाहि कळेल. म्यूर्सोची मूळ पंगत मालक व मजूर यांनीं एकत्र बसून जेवण्याची होती. वर्षभर राबलेल्यांचा तो दिवस होता. कोणाचा घोट कोणापेक्षां श्रेष्ठ हें ठरविण्यासाठीं ती भरत नसे. बारा बाटल्या मध्यें ठेवून बसणाऱ्या मित्रांनीं एवढें ध्यानांत ठेविलें, तर साधी बाटली आणणाऱ्यास संकोच वाटणार नाहीं, आणि जुनी बाटली आणणाऱ्यास ती दहा जणांत वांटल्याचें दुःखहि होणार नाहीं.