अंगणातली पद्मिनी – लेखांक ७ : डबा कोणता घ्यायचा?

गेल्या आठवड्यात पत्रा सरळ झाला, खड्ड्यांत लांबी भरून ती घासूनही झाली. गाडी आता ठिगळं लावल्यासारखी दिसतेय आणि घरात प्रत्येक जण विचारतोय, रंग कधी मारणार? शेडचा प्रश्न सोपा आहे. आरसी बुकात लिहिलेली शेड घ्यावी. ती बदलायची तर आरटीओत नोंद करावी लागते, आणि माझ्या मते कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी ज्या रंगात बाहेर पडली तोच तिला शोभतो. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात कायमची गेली. आता उरल्यात त्या घराघरांत जपलेल्या, म्हणून त्या होत्या तशा राहाव्यात असं मला मनापासून वाटतं.

शेड ठरली तरी रंगाचा प्रकार ठरायचा असतो. तो प्रायमर मारण्याआधीच ठरवावा लागतो, कारण अस्तर आणि रंग यांचं पटलं पाहिजे. दुकानात तुमच्यासमोर तीन डबे ठेवले जातील : एनसी, सिंथेटिक इनॅमल आणि टू-के पीयू. तिन्ही रंगच, पण तिघांची सुकायची रीत वेगवेगळी आहे आणि निवड तिथेच होते.

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. आपल्याकडचे सुतार कपाटाला ‘ड्यूको मारू’ म्हणतात, तो हाच. ड्यूको हे मुळात ड्यूपाँट कंपनीचं व्यापारी नाव. १९२४ सालच्या ओकलंड मोटारी अमेरिकेत या रंगात निघाल्या. त्याआधी गाडीवर ब्रशने वार्निशचे थर चढवायचे आणि प्रत्येक थर सुकायची वाट पाहायची, यात आठवडे जात. एनसीमध्ये रंग थिनरात विरघळलेला असतो. फवारा पत्र्यावर बसला की थिनर उडून जातो आणि रंगाचा पापुद्रा मागे राहतो. त्यात कुठली रासायनिक क्रिया होत नाही, म्हणून कित्येक वर्षांनंतरही थिनर लावला की तो पुन्हा विरघळतो.

अंगणात काम करणाऱ्याला याचा मोठा आधार आहे. रंगाला ओघळ आला, चिलट चिकटलं, आंब्याचा मोहर पडला, तर थोडा वेळ थांबून पॉलिश पेपरने पाणी मारून घासायचं आणि त्यावर नवा हात द्यायचा. नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. रंग काही मिनिटांत कोरडा पडत असल्याने धूळ बसायला वेळच मिळत नाही. चमक मात्र गनमधून येत नाही, ती रबिंग करून काढावी लागते. हात पातळ आणि पुष्कळ द्यायचे, सहा-आठ तरी. घाईने जाड थर चढवला तर पुढे त्याला बारीक तडे जातात. उन्हात तेज लवकर उतरतं आणि टाकीच्या तोंडाशी पेट्रोल सांडलं की डाग पडतो. एनसीची गाडी सावलीत ठेवावी, अधूनमधून पॉलिश करावी.

सिंथेटिक इनॅमलवर फार वेळ घालवत नाही. तो हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतो, आतून पक्का व्हायला कित्येक दिवस लागतात आणि तोवर अंगणातली सगळी धूळ त्याच्यावर येऊन बसते. अर्धवट सुकलेल्या थरावर चुकीच्या वेळी दुसरा हात मारला तर सुरकुत्या पडतात. फाटकाला, ट्रॉलीला तो उत्तम. पद्मिनीला मी घेणार नाही.

आता टू-के. दिसायला आणि टिकायला तिघांत तोच सरस, यात शंका नाही. रंगात हार्डनर मिसळला की दोघांची क्रिया होऊन कठीण जाळं तयार होतं. ते पेट्रोलला दाद देत नाही आणि ऊनही वर्षानुवर्षं सोसतं. पॉलियुरेथेनचं हे रसायन ओटो बायर यांनी जर्मनीत १९३७ साली शोधलं. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. भोपाळमध्ये १९८४ साली गळलेला वायू याच कुळातला होता. तो वेगळा आणि कितीतरी अधिक उडणारा, म्हणून तुलना तिथेच थांबवतो. रंगातलं आयसोसायनेट फवाऱ्याच्या बारीक तुषारांतून छातीत जातं आणि त्याने दमा जडू शकतो. एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही धाप लागते आणि त्या माणसाला हे काम कायमचं सोडावं लागतं.

मास्क लावू की, असं तुम्ही म्हणाल. एनसीच्या थिनरची वाफही विषारीच, पण तिला उग्र वास असतो. कार्बनची गाळणी संपली की वास येऊ लागतो आणि आपण ती बदलतो. आयसोसायनेटचा वास येईपर्यंत ते सुरक्षित मर्यादेच्या पलीकडे गेलेलं असतं. म्हणून त्याला बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचणारी बंद खोली लागते. अंगणात ते कुठून आणणार? पलीकडच्या खिडकीत शेजाऱ्यांचं तान्हं मूल झोपलेलं असतं. टू-केच हवा असेल तर घासकाम घरी करा आणि गाडी रंगाची बंदिस्त खोली असलेल्या गॅरेजात न्या. घरी मारायचा असेल तर एनसी. माझं मत पक्कं आहे.

एनसी घेण्याआधी गाडीवर आधीचा रंग कोणता आहे ते पाहा. माझ्या पहिल्या गाडीच्या डिकीवर जुना इनॅमल होता. ‘काही होत नाही, मारा बिनधास्त’ असं मला सांगण्यात आलं आणि मी एनसी मारला. थिनरने खालचा रंग फुगवला आणि पाच मिनिटांत डिकी वाळल्या मिरचीसारखी सुरकुतली. सगळं पत्र्यापर्यंत खरवडावं लागलं. परीक्षा सोपी आहे. थिनरमध्ये भिजवलेली पांढरी चिंधी रंगावर थोडा वेळ दाबून धरा. चिंधीला रंग उतरला तर खाली एनसी आहे. पृष्ठभाग फुगला, आक्रसला तर इनॅमल. तो काढावाच लागेल. काहीच झालं नाही तर बहुधा टू-के, तो घासून त्यावर काम करता येतं.

पावसाळ्यात डबा उघडू नका. थिनर भराभर उडताना पत्रा गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग दुधाळ होतो. सावकाश उडणारा रिटार्डर थिनर मिसळून थोडा बचाव होतो, पण दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेची सर त्याला नाही. तेव्हाही सकाळचं दव उतरू द्या.

नायट्रोसेल्युलोज झटकन पेटतं, त्याची जमिनीवर पडलेली वाळकी भुकटीसुद्धा. गन हातात घेण्याआधी स्वयंपाकघरातला गॅस बंद करा, तुळशीपुढचा दिवा शांत करा, कॉम्प्रेसर फवाऱ्यापासून लांब ठेवा आणि थिनरच्या चिंध्या पाण्याच्या बादलीत टाका.

पुढच्या आठवड्यात प्रायमर आणि गन. तोवर दरवाजाच्या खालच्या कडेला चिंधीची परीक्षा करून ठेवा.