विश्लेषण : नाशिकच्या पालिका शाळा चालवते कोण? पालकांचे मत नेमके कुठे मोजले जाते?

शाळेच्या कारभाऱ्यांची निवडणूक म्हटले की नाशिककरांना आधी ‘मविप्र’ आठवते. पॅनेल, तालुक्यातालुक्यांत मेळावे, मतमोजणीच्या दिवशी गुलाल. पण त्या निवडणुकीत शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना, केवळ पालक म्हणून, मत नसते. महापालिका शाळांचे ‘शिक्षण मंडळ’ राज्याने २०१३ मध्येच मोडीत काढले. जिथे पालक स्वतः मतदारही असतो आणि उमेदवारही, अशी निवडणूक एकच. ती शाळेच्या हॉलमध्ये तासाभरात उरकते आणि तिची बातमी सहसा कुठेच येत नाही.

नाशिकचे ‘स्कूल बोर्ड’ गेले कुठे?

जुने नाशिककर आजही महापालिकेच्या शाळेला ‘स्कूल बोर्डाची शाळा’ म्हणतात. हे नाव १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यापासूनचे. त्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे सोपवल्या. पुढे १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने जिल्हा आणि नगरपालिका अशी दोन प्रकारची मंडळे पक्की केली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा ग्रामीण भागातील मंडळांचे काम त्यांच्याकडे गेले. शहरांत मात्र मंडळ टिकले. नाशिकमध्ये ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महापालिका झाली, तरी शाळांचे दार मंडळाच्याच हाती राहिले.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी रहिवासी स्कूल बोर्ड थेट मतदानाने निवडतात. ते बोर्ड शाळांचा मुख्य अधिकारी नेमते आणि अंदाजपत्रक मंजूर करते. नाशिकचे मंडळ तसे कधीच नव्हते. मंडळाचे सदस्य नगरसेवक निवडत. म्हणजे नागरिक नगरसेवक निवडणार आणि नगरसेवक मंडळ. त्यामुळे सभागृहात ज्याचे बहुमत त्याचेच मंडळ, आणि तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्याची सोय लावायची तर मंडळावर, हे राज्यभरातील शहरांत वर्षानुवर्षे चालले. मंडळाचा प्रशासन अधिकारी राज्य सरकारचा, पैसा महापालिकेचा आणि निर्णय मंडळाचा. पुण्यासह अनेक शहरांत गणवेश आणि शालेय साहित्याच्या खरेदीवरून वाद होत राहिले.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने शाळांची जबाबदारी थेट ‘स्थानिक प्राधिकरणा’वर, म्हणजे शहरात महापालिकेवर टाकली. मग मध्ये वेगळे मंडळ कशाला, असा प्रश्न उभा राहिला आणि २०१३ मध्ये राज्याने कायदा करून मंडळे रद्द केली.

आता या शाळांचा कारभार कोणाकडे?

कागदावर उत्तर सोपे आहे : महापालिकेकडे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार प्राथमिक शाळा चालवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. उद्यान किंवा नाट्यगृह ऐच्छिक, शाळा नव्हे. शिक्षण विभागाचे प्रमुख शिक्षणाधिकारी आणि त्यांच्या वर आयुक्त. महासभेला वाटल्यास ती कलम ३० खाली शिक्षण समिती नेमू शकते. समितीवर पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे नगरसेवक जातात. नाशिकमध्येही मंडळाची जागा अशा समितीने घेतली. तिला जुन्या मंडळाइतके स्वातंत्र्य मात्र नाही.

प्रत्यक्षात अधिकार इतके विखुरलेले आहेत की एका टेबलावर सर्व प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. पुस्तके बालभारतीची, अभ्यासक्रम राज्याचा. शिक्षक भरती ‘पवित्र’ पोर्टलवरून, म्हणजे वर्गावर शिक्षक नाही ही तक्रार पालिकेत केली तरी नवा शिक्षक देणे एकट्या पालिकेच्या हाती नसते. शिक्षकांच्या वेतनाचा साधारण निम्मा भार राज्याच्या अनुदानातून येतो, उरलेला महापालिका उचलते. पोषण आहार आणि समग्र शिक्षा या केंद्र आणि राज्याच्या योजना. इमारत, स्वच्छतागृह, पाणी, वीज आणि शिपाई महापालिकेचे. गळक्या छतासाठी एकीकडे आणि रिक्त पदासाठी दुसरीकडे अर्ज करावा लागतो तो यामुळे.

घरपट्टीच्या बिलावर ‘शिक्षण कर’ दिसतो, तो याच शाळांवर खर्च होतो असा अनेकांचा समज असतो. तो पूर्ण खरा नाही. १९६२ च्या कायद्याने लागू झालेला राज्य शिक्षण कर महापालिका फक्त वसूल करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते.

आज महापालिकेच्या प्राथमिक आणि माध्यमिक मिळून शंभरच्या आसपास शाळा आहेत. २०१७ च्या सुमारास झालेल्या विलीनीकरणाआधी प्राथमिक शाळाच सव्वाशेच्या घरात होत्या, त्या नव्वदपर्यंत आल्या. जवळची शाळा दुसऱ्या शाळेत मिसळली, तर पहिलीतल्या मुलाला रस्ता ओलांडून जावे लागते की नाही, हा पालकाच्या दृष्टीने कुठल्याही स्मार्ट वर्गापेक्षा मोठा प्रश्न असतो.

मधल्या काळात लोकप्रतिनिधीच नव्हते, तेव्हा काय झाले?

२०१७ मध्ये निवडून आलेल्या १२२ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका लांबत गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यानंतर हालचाल झाली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. म्हणजे जवळपास चार वर्षे महासभा नाही, स्थायी समिती नाही, शिक्षण समिती नाही. त्या सर्वांचे अधिकार प्रशासक म्हणून आयुक्तांकडे होते. जिल्हा परिषदेची मुदतही मार्च २०२२ मध्येच संपली आणि जिल्ह्यातील तीन हजारांहून अधिक शाळा प्रशासकाखाली गेल्या.

या चार वर्षांत जे मूल पहिलीत आले ते चौथी पूर्ण करण्याच्या बेतात आले. शाळेबाबत प्रश्न विचारायला वॉर्डात नगरसेवक नव्हता आणि सभागृहात लक्षवेधी मांडणारे कोणी नव्हते. स्मार्ट सिटीच्या निधीतून शाळांमध्ये डिजिटल वर्ग उभे राहिले ते याच सुमारास. काम झाले, पण त्यावर सभागृहात चर्चा झाली नाही. पालिका शाळांवर निवडून आलेल्या माणसांचा एकच गट या काळात शिल्लक होता : शाळा व्यवस्थापन समित्या. पालकांना त्याची जाणीव कितपत होती, हा भाग वेगळा.

मग ‘मविप्र’ची निवडणूक कोणती?

मराठा विद्या प्रसारक समाज ही १९१४ मध्ये स्थापन झालेली संस्था. कर्मवीर रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, काकासाहेब वाघ यांच्यासारख्यांनी ती बहुजन समाजाच्या शिक्षणासाठी वाढवली. आज तिच्या शाळा जिल्ह्याच्या तालुक्यातालुक्यांत आहेत. शिवाय के. टी. एच. एम. महाविद्यालय, आडगावचे वैद्यकीय महाविद्यालय अशी मोठी शाखावाढ. सुमारे दहा हजार सभासद दर पाच वर्षांनी पदाधिकारी आणि तालुका संचालक निवडतात. कारभाराची सूत्रे सरचिटणीसाकडे असतात, त्यामुळे खरी लढत त्या पदाची. ऑगस्ट २०२२ मध्ये अ‍ॅड. नितीन ठाकरे यांच्या परिवर्तन पॅनेलने नीलिमा पवार यांच्या प्रगती पॅनेलचा पराभव केला, तेव्हा जिल्ह्याच्या राजकारणात त्याची चर्चा एखाद्या विधानसभा लढतीसारखी झाली.

ही निवडणूक लोकशाही पद्धतीची आहे, यात शंका नाही. इतक्या सभासदांना मत देणाऱ्या शिक्षण संस्था राज्यात फार नाहीत. पण मतदार सभासद आहे, पालक नव्हे. सभासद नसलेल्या मजुराची मुलगी त्या शाळेत दहावीपर्यंत शिकली, तरी त्याला या मतपेटीत जागा नाही. अनुदानित वर्गांचा पगार मात्र सरकारी तिजोरीतून येतो.

शिक्षक आमदार पालिका शाळांचा प्रश्न मांडतात का?

मांडू शकतात, पण त्यांचा मतदार वेगळा आहे. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात माध्यमिक किंवा त्यावरील स्तरावर शिकवणाऱ्यांनाच मत देता येते. तशी अट राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ मध्येच आहे. जून २०२४ मध्ये नाशिक विभागात झालेल्या निवडणुकीत किशोर दराडे पुन्हा निवडून आले. त्या वेळी केवळ पहिली ते पाचवीला शिकवणारे पालिकेचे आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक मतदार नव्हते. ज्या वर्गात मूल वाचायला शिकते, त्या वर्गाच्या शिक्षकाला या सभागृहात प्रतिनिधी नाही.

पालकांची निवडणूक होते कशी?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती नेमावी लागते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तिचे सदस्य १२ ते १६. त्यांपैकी तीन चतुर्थांश पालक असतात आणि ते पालक सभेतून निवडले जातात. एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. उरलेल्या जागांवर स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी, शाळेतील शिक्षक आणि परिसरातील शिक्षणतज्ज्ञ. अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. दर दोन वर्षांनी समिती नव्याने नेमायची आणि महिन्यातून किमान एकदा बैठक घ्यायची.

यातील ‘निवडून आलेला प्रतिनिधी’ ही जागा नाशिकमध्ये मार्च २०२२ नंतर भरायची कोणातून? नगरसेवकच नव्हते.

सभेचे चित्र ओळखीचे आहे. नोटीस मुलाच्या वहीतून किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. सभा कामाच्या दिवशी दुपारी. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला बाप किंवा चार घरची धुणीभांडी करणारी आई येणार कशी? जे येतात त्यांच्यातून नावे सुचवली जातात, हात वर होतात, सह्या होतात. काही ठिकाणी वॉर्डातील राजकीय कार्यकर्त्याचा माणूस अध्यक्ष होतो, काही ठिकाणी कोणी तयार नसल्याने मुख्याध्यापकांना कुणाला तरी गळ घालावी लागते. दोन्ही प्रकारांत समिती कागदावर पूर्ण असते.

या समितीला खरेच अधिकार आहेत का?

आहेत, आणि इथेच पालिका शाळा आणि खासगी अनुदानित शाळा यांत मोठा फरक पडतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अल्पसंख्याक आणि अनुदानित शाळांतील समितीचे काम केवळ सल्ला देण्याचे उरले. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागूच नाही. पालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र समितीने शाळेच्या कामावर देखरेख ठेवायची, अनुदानाचा खर्च तपासायचा आणि शाळा विकास आराखडा तयार करायचा. कलम २२ सांगते की सरकार आणि स्थानिक प्राधिकरण यांची नियोजने व अनुदाने या आराखड्यावर आधारलेली असावीत. म्हणजे दोन वर्गखोल्या हव्यात हे आधी आराखड्यात लिहिलेले असले पाहिजे. बहुतेक ठिकाणी हा आराखडा भरण्याचा एक तक्ता म्हणून पाहिला जातो, हे दुर्दैव.

पैसाही समितीच्या खात्यातून फिरतो. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार ठरते : १०१ ते २५० विद्यार्थ्यांसाठी ५० हजार, २५१ ते एक हजारपर्यंत ७५ हजार, त्याहून अधिक असल्यास एक लाख रुपये वर्षाला. खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता यांसाठीचा हा पैसा. मोठ्या पटाच्या शाळेला तो पुरत नाही, पण तो कुठे गेला हे विचारण्याचा हक्क समितीला आहे.

गणवेशाचे उदाहरण ताजे आहे. दोन गणवेशांसाठी प्रति विद्यार्थी ६०० रुपये समितीकडे येत आणि समिती जवळच्या दुकानातून किंवा शिंप्याकडून गणवेश घेई. नंतर राज्याने ‘एक राज्य, एक गणवेश’ धोरण आणले आणि २०२४-२५ मध्ये कापड खरेदी व शिलाई वरूनच ठरवली. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या, गणवेश महिनोन्‌महिने पोहोचले नाहीत. जिथे पोहोचले तिथे मापे चुकल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला. मंत्रालयाला जे जमले नाही ते गल्लीतल्या शिंप्याला जमते, कारण मूल त्याच्यासमोर उभे असते.

पालकाने काय विचारावे?

आता नाशिकमध्ये पुन्हा नगरसेवक आहेत. त्यामुळे पहिला प्रश्न : आपल्या शाळेच्या समितीवर त्यांच्यापैकी कोणाची नेमणूक झाली, आणि ते बैठकीला येतात का? दुसरा प्रश्न समितीच्या मुदतीचा : दोन वर्षे कधी पूर्ण होतात, पुढची पालक सभा कोणत्या तारखेला आणि ती संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी ठेवता येईल का? वेळ नियमात ठरलेली नाही, ती शाळा बदलू शकते. तिसरा, मागच्या वर्षीचे अनुदान किती आले आणि कशावर खर्च झाले. मागील बैठकांचे इतिवृत्त मुख्याध्यापकांकडे असते. ते वाचायला मागता येते आणि मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.