कलादिग्दर्शकाचा अधिकार : प्रभातचे साहेबमामा

चित्रपटातील जग डोळ्यांना दिसावे म्हणून जे जे बांधावे, रंगवावे आणि मांडावे लागते, त्याची जबाबदारी कलादिग्दर्शकावर असते. परंतु तिला साजेसा अधिकार त्याच्या हाती असतोच असे नाही. सेटचा आराखडा तो काढतो आणि सुतार, रंगारी व साचेकाम करणारे कारागीर त्याच्या शब्दावर चालतात. मात्र खर्चाची मंजुरी निर्मात्याकडे आणि दृश्याचा अंतिम निर्णय दिग्दर्शकाकडे असतो. कॅमेरा मागे नेता यावा म्हणून एखादी भिंत काढता येण्याजोगी हवी, ही छायालेखकाची मागणी बांधकामापूर्वी आली की सेट उभा राहिल्यावर, यावरूनही पुष्कळदा त्या दोघांचे संबंध ठरतात.

प्रभात फिल्म कंपनीत हा ताण निराळ्या रीतीने हाताळला गेला. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले एस. फत्तेलाल, म्हणजे सर्वांचे साहेबमामा, हे १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभातचे कलादिग्दर्शक होते आणि तिच्या पाच भागीदारांपैकी एक होते, त्यामुळे सेटवरील खर्चाचा विचार करणाऱ्यांत सेट उभारणाराच बसलेला असे. या स्थानाचे मोल ‘अमृतमंथन’मधील (१९३४) देवीच्या भव्य मंदिरापेक्षा ‘संत तुकाराम’मधील (१९३६) साध्या घरात अधिक जाणवते. केलेला खर्च पडद्यावर दिसावा ही निर्मात्याची स्वाभाविक अपेक्षा असते, आणि ती बाजूला ठेवून साधेपणा निवडणे मालकी हक्क असलेल्या कलावंताला सोपे जाते. शिवाय या चित्रपटाचे दिग्दर्शनही विष्णुपंत दामले यांच्यासह फत्तेलाल यांनीच केले होते.

हॉलिवूडमध्ये एमजीएमच्या कलाविभागाचे प्रमुख सेड्रिक गिबन्स यांना अधिकार मिळाला तो कराराने. १९२४ ते १९५६ या काळात कंपनीच्या बहुतेक चित्रपटांवर त्यांचे नाव झळकले, जरी प्रत्यक्ष आराखडे अनेकदा त्यांच्या हाताखालील कलाकारांचे असत. करारातून आलेला हा अधिकार विभागाला बळ देणारा खरा, पण इतरांचे श्रेय झाकणाराही होता, आणि म्हणून फत्तेलाल यांचा अधिकार अधिक निर्मळ मानावा लागतो.

पुढे कोल्हापुरातून पुण्याला गेलेली प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. तिच्या पुण्यातील आवारात १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कलादिग्दर्शन आज स्वतंत्र विषय म्हणून शिकवले जाते.