बेडकांच्या रोगावर नजर कशी ठेवायची?

मंडळी, असोद्यात पाऊस पडला की डबक्यांत डराव-डराव सुरू होते. एखाद्या वर्षी ते थांबले, तर? रानाव्हायरस हा विषाणू बेडूक, मासे, कासवे अशा थंड रक्ताच्या प्राण्यांना लागतो, माणसाला नाही. त्यात अंगात रक्तस्राव होतो, शेपटीवाली पिल्ले पटापट मरतात. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २००८ मध्ये या रोगाला आपल्या यादीत घेतले. पण अडचण अशी, की मेलेले बेडूक पक्षी-कुत्री लगेच उचलतात. रोग येऊन जातो, आपल्याला पत्ता नसतो! म्हणून आपण तेच डबके दर आठवड्याला बघायचे. मेलेले दिसले, तर हात न लावता मोजायचे, फोटो काढायचा, वनखात्याला कळवायचे. निदान मात्र प्रयोगशाळेतच होते. आणि चिखलाचे बूट धुऊन, वाळवूनच दुसऱ्या डबक्यात उतरायचे. नाहीतर रोग आपणच पोचवू.