शेणापासून इंधन : ग्वाल्हेरचा लाल टिपारा प्रकल्प

ग्वाल्हेरची फूलबाग माधवराव शिंदे यांनी उभारली आणि 1922 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज यांना एकाच परिसरात स्थान देणारे हे उद्यान जवळच्या राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीमुळे मराठी वाचकालाही परिचित आहे. याच भागातून वाहणारी स्वर्णरेखा नदी मात्र काँक्रीटच्या पात्रात कोंडली गेली, सांडपाणी आणि कचरा वाहून नेणारा नाला म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि तिच्या पुनरुज्जीवनाचा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे गेला. टाकाऊ पदार्थ एकमेकांत मिसळून जवळच्या प्रवाहात सोडले की काय होते, हे समजून घेण्यासाठी ग्वाल्हेरकराला दूर जावे लागत नाही. पण याच शहराच्या मुरार भागातील लाल टिपारा येथे टाकाऊ पदार्थाच्या विल्हेवाटीची एक वेगळी रीत उभी राहिली असून तिचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

लाल टिपारा ही ग्वाल्हेर महापालिकेची गोशाळा. रस्त्यांवर मोकाट फिरणाऱ्या जनावरांना येथे आणले जाते, त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे, आणि साधूंच्या एका संस्थेच्या सहभागाने त्यांची देखभाल चालते. इतकी जनावरे एका जागी आली की शेणाचा प्रश्न उभा राहतोच, कारण शेतात शेण म्हणजे खत असले, तरी शहरात ते साचून राहिले तर दुर्गंधी पसरवते, नाल्यांत उतरते आणि हवेत मिथेन सोडते. इंडियन ऑइलच्या साहाय्याने तीस कोटींहून अधिक खर्च करून येथे बायो-सीएनजी प्रकल्प उभारण्यात आला आणि 2 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचे लोकार्पण केले. दररोज 100 टन शेणापासून दोन ते तीन टन वायू आणि त्याखेरीज सेंद्रिय खत मिळवणे, अशी या प्रकल्पाची आखणी आहे.

अशा प्रकल्पाचे मूळ तत्त्व गोबरगॅसचेच असते. शेणात पाणी कालवून त्याची रबडी, म्हणजे स्लरी, केली जाते आणि हवा आत शिरणार नाही अशा मोठ्या टाकीत ती काही आठवडे ठेवली जाते. या टाकीला पाचक टाकी किंवा डायजेस्टर म्हणतात. तेथे प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू क्रमाक्रमाने काम करतात : काही मोठ्या रेणूंचे तुकडे करतात, काही त्या तुकड्यांपासून आम्ले बनवतात, आणि अखेरचा गट त्यांतून मिथेन निर्माण करतो. हा अखेरचा गट फार नाजूक असतो. आम्ल वाढले, तापमान घसरले किंवा विषारी द्रव्य आत गेले की तो मंदावतो आणि सगळी साखळी अडते. ग्वाल्हेरसारख्या कडक थंडीच्या प्रदेशात टाकीची ऊब टिकवणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. शेणाची मोठी सोय अशी की हे जिवाणू गाईच्या पोटातूनच त्याच्याबरोबर आलेले असतात.

टाकीतून निघणाऱ्या वायूत मिथेन साधारण 55 ते 60 टक्के असतो. उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा, आणि थोडा हायड्रोजन सल्फाइडचा, जो यंत्राचे धातूचे भाग गंजवतो. स्वयंपाकाच्या शेगडीला एवढी शुद्धता पुरते, वाहनाला पुरत नाही. म्हणून हे दोन्ही वायू वेगळे काढून मिथेनचे प्रमाण 90 टक्क्यांच्या वर नेतात आणि मग तो वातावरणाच्या दाबाच्या दोनशेपट किंवा त्याहून अधिक दाबाखाली सिलिंडरांत भरतात; यालाच बायो-सीएनजी म्हणतात. मागे उरलेली स्लरी पिळून तिच्यातील घन भाग खतासाठी वेगळा केला जातो.

या विद्येचा मराठी मुलखाशी जुना संबंध आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 मध्येच मैल्यापासून वायू मिळवला जात होता. 1950 च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचा गोबरगॅस संच सिद्ध केला, आणि कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी शौचालय, खत आणि गोबरगॅस यांना भंगीमुक्तीच्या कार्याशी जोडले; विल्हेवाटीच्या तंत्रामागे माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न असतो, हे त्यांच्याइतके स्पष्टपणे थोड्यांनीच ओळखले. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यासाठी 'निसर्गऋण' हा संच विकसित केला. त्यात कचरा आधी दळून, गरम पाण्याच्या आणि हवेच्या साहाय्याने अर्धवट पचवून मगच मुख्य टाकीत सोडला जातो, कारण शिळी पोळी, भाजीचे देठ आणि फळांच्या साली यांच्याबरोबर शेणासारखे जिवाणू आयते येत नाहीत.

ओल्या कचऱ्याच्या आधारावर उभा असलेला ग्वाल्हेरच्याच मध्य प्रदेशातील मोठा दाखला म्हणजे होळकरांच्या इंदूरचा. तेथे देवगुराडिया येथील गोबरधन प्रकल्प 19 फेब्रुवारी 2022 रोजी सुरू झाला. दिवसाला 550 टन ओला कचरा घेऊन सुमारे 17,000 किलो बायो-सीएनजी देण्याची त्याची क्षमता असून त्या इंधनावर शहरातील बस चालतात. या यशाचे श्रेय केवळ यंत्रांना देणे चुकीचे ठरेल. प्रकल्प येण्याच्या कितीतरी आधी इंदूरने घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा घेण्याची शिस्त लावली होती, आणि त्या शिस्तीमुळेच टाकीत प्लास्टिक, काच व औषधांची पाकिटे जाण्याचे टळले. लाल टिपाऱ्यालाही हीच सोय वेगळ्या मार्गाने लाभली आहे : गोशाळेतील शेण उत्पत्तीपासूनच निर्भेळ असते, ते कोणाला निवडावे लागत नाही.

फूलबागेच्या परिसरातील कचऱ्याला ही सोय नाही. मंदिरातील निर्माल्य, खाद्यपदार्थांच्या गाड्यांवरील उष्टे, दुकानांतील पुठ्ठा आणि घरांतील जुन्या बॅटऱ्या एका पिशवीत पडल्या, की पुठ्ठा भिजून कबाड्याच्या कामाचा राहत नाही आणि निर्माल्य खताच्या कामाचे राहत नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग उत्पत्तीच्या जागीच करणे प्रत्येकावर बंधनकारक केले, तसेच दिवसाला 100 किलोंहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या आस्थापनांना मोठे कचरा-उत्पादक ठरवून त्यांच्यावर अधिक जबाबदारी टाकली. हॉटेले, मंगल कार्यालये आणि भाजी मंडई यांचा ओला कचरा एकाच ठिकाणी आणि एकाच प्रकारचा मिळत असल्याने तो वेगळा उचलणे घरांच्या तुलनेत सोपे आहे, आणि ग्वाल्हेरने पुढचे पाऊल तेथूनच टाकावे. घरगुती कचऱ्यासाठी दुसरी पाचक टाकी बांधण्याचा विचार झाला, तर एखाद्या प्रभागात वर्षभर वेगळा कचरा मिळतो असे सिद्ध झाल्यावरच तिच्यावर खर्च व्हावा, आणि त्या कसोटीसाठी फूलबागेचा प्रभाग सर्वांत योग्य आहे.