एसी किती टनाचा घ्यावा?

ठाण्यातील आमच्या एका शिक्षकमित्रांनी उन्हाळ्याच्या तोंडावर घरात एसी बसवला. घर शेवटच्या मजल्यावर, डोक्यावर गच्ची; खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद. दुकानदाराने खोलीचे चौरस फूट विचारले आणि मनातल्या मनात हिशेब करून सांगितले, "तसा एक टन पुरेल, पण सर, तुम्ही दीड घ्या. मोठा असला की लवकर गार होतं." एप्रिल-मे सुखात गेले. जुलैत मात्र खोली गार, पण दमट राहू लागली आणि कपाटातील पुस्तकांना बुरशी आली. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. यंत्रात बिघाड नव्हताच. ते गरजेपेक्षा मोठे होते, एवढेच.

हे समजून घेण्यासाठी आधी 'टन' म्हणजे काय ते पाहू. हे यंत्राचे वजन नव्हे. यंत्रे येण्यापूर्वी गारवा बर्फाने मिळे. १८३० च्या दशकात अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने मुंबईपर्यंत येत असे. त्या काळाची खूण या एककात राहिली आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलोग्रॅम बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषील, तेवढी खेचणारे यंत्र एक टनाचे. बर्फाची अप्रकट उष्णता किलोग्रॅमला ३३४ किलोज्यूल. गुणाकार करून दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले की उत्तर येते साधारण ३.५ किलोवॅट. दहावीच्या वर्गात हे उदाहरण जरूर घालावे.

म्हणजे खरा प्रश्न असा : खोलीत दर सेकंदाला किती उष्णता शिरते? मे महिन्यातील दुपार घेऊ. बाहेर ३५ अंश, आत २५ अंश सेल्सिअस. गच्चीवर सतत ऊन असल्याने तिच्यासाठी बाहेरचे तापमान ३५ धरून चालत नाही, ६० च्या आसपास धरावे लागते. १५ सेंटिमीटर जाडीच्या उघड्या काँक्रीट स्लॅबच्या दर चौरस मीटरमधून, दर अंश फरकाला, सुमारे ३.३ वॅट उष्णता आत येते. क्षेत्रफळ १२ चौरस मीटर, फरक ३५ अंश. म्हणजे एकट्या छतातून जवळजवळ १३९० वॅट! पश्चिमेची विटांची भिंत ४१० वॅट देते. तिच्यातील पावणेदोन चौरस मीटरची खिडकी, तिरपे ऊन थेट आत येत असल्याने, ९५० वॅट. दोन माणसे २३०, दिवे, पंखा, टीव्ही मिळून २००, आणि फटींतून येणारी दमट हवा २२०. बेरीज ३४०० वॅट, म्हणजे जवळपास एक टन. (स्लॅब तापायला वेळ लागतो, म्हणून नेमका हिशेब तासातासाचा करतात. आपल्याला अंदाज पुरे.)

आता हीच खोली एक मजला खाली न्या आणि खिडकीबाहेर चिकाचा पडदा सोडा. छताचे १३९० वॅट गेले, खिडकीचे ९५० वरून समजा ३०० वर आले. उरले १३६० वॅट, म्हणजे टनाच्या चार दशांशांहूनही कमी. चौरस फूट तेच! क्षेत्रफळावरून टन काढणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही.

जुलैत काय होते? ऊन नाही, बाहेर २८ अंश. छत, भिंत, खिडकी यांचा वाटा कोसळतो आणि एकूण भार सुमारे ९०० वॅटवर येतो. पण यातील २५० वॅट बाष्पाचे असतात. माणसांच्या श्वासातून आणि घामातून, तसेच बाहेरच्या हवेतून आलेले हे बाष्प यंत्रातील थंड नळ्यांवर जमून पाणी होऊन बाहेर जायला हवे. मे महिन्यातही बाष्पाचा भार एवढाच होता, पण तेव्हा तो एकूण भाराचा चौदावा हिस्सा होता. आता पाव हिश्शाहून अधिक आहे. दीड टनाचे, एकाच वेगाने चालणारे यंत्र ५.३ किलोवॅट उष्णता खेचते. ९०० वॅटसाठी त्याला तासातून जेमतेम १० मिनिटे चालावे लागते, तीही तुकड्यातुकड्यांनी. नळ्या गार होऊन पाणी ठिबकू लागते न लागते तोच तापमान गाठले जाते आणि कॉम्प्रेसर थांबतो. पंखा मात्र फिरत राहतो आणि नळ्यांवरचे पाणी पुन्हा खोलीत उडते. म्हणून हवा गार, पण ओली! वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टर यंत्रांत हा दोष बराच कमी असतो, तरी त्यांच्याही वेगाला खालची मर्यादा असतेच.

अमेरिकेत या गोष्टीला नियमाचे रूप दिले आहे. तेथील राज्ये ज्या आदर्श ऊर्जासंहितेवरून आपले नियम करतात, तिच्यात घरासाठी तापवणारे वा थंड करणारे यंत्र निवडण्याआधी उष्णतेचा हिशेब करणे बंधनकारक आहे. हिशेबाच्या पद्धतीला 'मॅन्युअल जे' आणि त्यावरून यंत्र निवडण्याच्या पद्धतीला 'मॅन्युअल एस' म्हणतात. थंड करणारे एका वेगाचे यंत्र हिशेबापेक्षा सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांहून मोठे चालत नाही. यातील एक बारकावा आम्हाला फार आवडतो. हिशेबासाठी आजवरचे सर्वांत कडक तापमान घेत नाहीत. वर्षातील १ टक्का तास, म्हणजे सुमारे ८८ तास, ज्याहून अधिक उकाडा असतो ते तापमान घेतात. हिवाळ्यासाठीही तसेच. त्या मोजक्या तासांत घर एखाद्या अंशाने गरम राहिले तर राहू द्यावे, पण त्यांच्यासाठी वर्षभर मोठे यंत्र पोसू नये, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे २०१८ साली आलेल्या 'इको निवास संहिते'च्या पहिल्या भागाने दुसऱ्या टोकाला हात घातला. त्यात यंत्राऐवजी इमारतीच्या कवचाला मर्यादा घातली होती : छतातून दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता येऊ नये. आपल्या मित्रांच्या छतात हा आकडा ३.३ आहे. तो १.२ वर आणला तर छताचे १३९० वॅट ५०० वर येतात. चिकाचा पडदाही सोडला तर मे महिन्याचा भार १९०० वॅटच्या आत येतो आणि पाऊण टनाचे यंत्र पुरून उरते. जुलैत ते दीड टनाच्या दुप्पट वेळ चालून पाणीही अधिक काढील.

मित्रांनी मग गच्चीवर उष्णतारोधक थर घालायचे ठरवले, तेव्हा आम्हाला त्यांना सांगावे लागले की यामुळे विजेचे बिल उतरेल, पण घेतलेले यंत्र आणखीनच मोठे ठरेल. क्रम उलटा झाला होता. तूर्त पावसाळ्यात 'ड्राय' बटण वापरावे, कॉम्प्रेसर थांबला की पंखाही मंदावतो.

पाण्याचा हिशेब मुलांना सहज करता येईल. एसीच्या निचऱ्याच्या नळीखाली तासभर बादली ठेवा आणि पाणी मोजा. एक किलोग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे २४५० किलोज्यूल उष्णता सुटते. म्हणजे २५० वॅटच्या भाराला ताशी साधारण ३७० ग्रॅम पाणी यायला हवे. हा प्रयोग एकदा मे महिन्यातील दुपारी आणि एकदा जुलैतील पावसाळी संध्याकाळी करावा, आणि दोन्ही वेळा कॉम्प्रेसर किती मिनिटे चालला तेही घड्याळ लावून टिपावे.