वस्तीतील शिक्षण आणि त्याची जबाबदारी

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात ‘क्षेत्रकार्य’ म्हणून ओळखला जाणारा भाग ही वर्गातील ज्ञानाची केवळ उजळणी नसून ती एक स्वतंत्र अध्यापनपद्धती आहे. तीत विद्यार्थी आठवड्यातील ठरावीक दिवस, बहुधा दोन, एखाद्या वस्तीत, रुग्णालयात, शाळेत किंवा स्वयंसेवी संस्थेत काम करतो आणि त्या कामाचे स्वतंत्र मूल्यमापन होते.

भारतात या पद्धतीचा पाया मुंबईच्या नागपाड्यात घातला गेला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी कामगारवस्तीत उभारलेल्या नागपाडा नेबरहुड हाउसमध्येच 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले आणि 1944 मध्ये त्याचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले. शिक्षणसंस्था वस्तीतच जन्मल्याने क्षेत्रकार्याचे स्थान आरंभापासूनच मध्यवर्ती राहिले. मुंबई पोलिसांच्या सहकार्याने 1984 साली सुरू झालेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष आणि 1996 साली आरंभलेली 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी ‘चाइल्डलाइन’ हे दोन्ही याच संस्थेचे क्षेत्रकृती प्रकल्प, म्हणजे प्रत्यक्ष कामातून सेवा उभी करण्याचे प्रयोग होते.

मात्र क्षेत्रकार्यात लागणारे समुपदेशनाचे कौशल्य केवळ वस्तीत गेल्याने येत नाही. समुपदेशन म्हणजे सल्ला देणे नव्हे, तर अडचणीतील व्यक्तीला आपली परिस्थिती समजून घेऊन स्वतः निर्णय घेता येईल असे साहाय्य करणे. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला नवखा विद्यार्थी घाईने तक्रार करण्यास किंवा जुळवून घेण्यास सुचवतो, तेव्हा तिची सुरक्षितता, तिचे उत्पन्न आणि माहेरचा आधार हे प्रश्न मागे पडतात. म्हणूनच विद्यार्थ्याने भेटीतील संवाद, स्वतःच्या भावना आणि पूर्वग्रह यांची सविस्तर लेखी नोंद करावी व तिच्या आधारे पर्यवेक्षकाने, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकाने, त्याच्याशी नियमित चर्चा करावी, अशी रीत आहे. गोपनीयतेची मर्यादाही याच चर्चेतून कळते: 2012 च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक असल्याने ‘कुणालाही सांगणार नाही’ असे वचन विद्यार्थ्याने मुलाला देता कामा नये.

पर्यवेक्षण ढासळले की विद्यार्थी संस्थेचा बिनपगारी कारकून होतो, तर वस्तीतील माणसे दरवर्षी नव्या चेहऱ्यापुढे तेच दुःख नव्याने उगाळत राहतात. यासाठी महाविद्यालयांनी पर्यवेक्षणाचे तास अध्यापनाच्या तासांइतकेच अनिवार्य मानावेत, संस्थांनी विद्यार्थ्यांची संख्या आपल्या मार्गदर्शनक्षमतेनुसार ठरवावी आणि वर्ष संपताना प्रत्येक व्यक्तीचे काम, तिच्या संमतीने, जबाबदार कार्यकर्त्याकडे सोपवले जावे. कारण ज्यांच्या दुःखावर हे शिक्षण उभे आहे, त्यांचे हित विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेपेक्षा वरचे आहे.